तीन नंबरावर

काडेपेटीहून जरा मोठी, काळी,
वर एक बारीक चाक, शून्य ते सात.
पुण्याहून कुरियरने आली तेव्हा चारुशीलाला म्हटलं
सेन्सर आहे गाडीचा, अडीच हजार.
होते आठ हजार चारशे. आणि सेन्सर तर नव्हताच.

इलियास बुरोंडकरने बॉनेट उचललं
आणि नुसता बघत राहिला,
कुर्लीच्या बिळात हात घालायच्या आधी बघतात तसा.
मग रेलच्या टोकाची पिन काढली,
मधे ही पेटी जोडली. खट्. खट्.
वायर लोंबत होती, ती
जाळ्याच्या निळ्या दोऱ्याने बांधून टाकली.

'ही करते काय नेमकं?'
'खोटं बोलते,' इलियास म्हणाला.
'आत दाब बाराशे, तर ही वर कळवते हजार.
कॉम्प्युटर बिचारा विश्वास ठेवतो.
कमी पडतंय म्हणतो, आणखी डिझेल ढकलतो.'
हात पुसता पुसता:
'तीनवर ठेवलीय. चारच्या पुढे जाऊ नका.
आणि शोरूमला न्यायच्या आधी काढून खिशात घाला.'

सकाळी सहा पन्नास. दापोली मागे.
बाजूच्या सीटवर थंड डबा, आत अजून फक्त बर्फ.
रोजच्या चढावर रोजचा दुसरा गिअर टाकला
आणि गाडीने ऐकलंच नाही,
ती आधीच वर होती.
टर्बोची शीळ दोन काजूबागा पुरली.
सत्तेचाळीस वर्षांचा मी
एकटाच मोठ्याने हसलो,
समोरच्या दूधवाल्याने मला ओळखीचा समजून हात केला.

दाभोळच्या जेटीवर अकरा मिनिटं आधी.
फेरीबोट पलीकडे, धोपाव्याला.
तिकीटवाले जामसुतकर खुर्ची हलवत म्हणाले,
'लवकर आलात. चहा घ्या. बोट काय तुमच्यासाठी धावणार नाय.'
अकरा मिनिटं मी खाडी पाहिली.
एवढं पाणी इथून जातं, हे
नऊ वर्षांत ठाऊक नव्हतं असं नाही,
बघितलं नव्हतं.

तिकडे घरोघरी उपाशीपोटी माणसं वाट बघत असतात,
दंड उघडा टाकून.
रक्त घेतो. सोबत दाबही मोजतो, वहीत लिहितो.
एकशे साठच्या वर गेला की माझा आवाज बदलतो,
मीठ सोडा म्हणतो, गोळी चुकवू नका म्हणतो.
माझ्या डॉक्टरांनी मात्र मागच्या महिन्यात फोनवर विचारलं,
घरी मोजता ना? किती येतो?
एकशे तीस, मी म्हटलं. मधे मधे पस्तीस.
त्यांनी गोळी तीच ठेवली.

परतताना डब्यात एकोणीस माणसं,
नळ्यांवर नावं, एक नाव दोनदा.
दाभोळचा चढ. चाक मी चारवर नेलं होतं.
आरशात काळा धूर,
दोन वळणं तो माझ्यामागे येत राहिला.

रविवारी चारुशीला बसली, गुहागरला लग्न होतं.
उंबर्ल्यापर्यंत गप्प.
मग म्हणाली, 'ही अशी कधीपासून ओढते?'
मी म्हटलं, सर्व्हिसिंग केलं.
'बरं,' ती म्हणाली. 'मग अजून घे की.'
पदर खोचला, काच खाली केली,
केसांचा सगळा आंबाडा सोडवला वाऱ्याने,
आणि मी घेतली अजून.

रांगेत पहिले आम्हीच. समोर नुसतं पाणी.
ती उतरली, डिकी उघडली.
मला वाटलं पाण्याची बाटली.
दाबाचं मशीन घेऊन आली,
बॉनेटवर मांडलं. पत्रा तापलेला होता, खाली रुमाल घातला.
'हात.'
'अगं, इथे?'
'सर्व्हिसिंग,' ती म्हणाली.

पट्टा फुगायला लागला.
जामसुतकर खुर्ची पुढे ओढून बघत बसले.
बोट अजून खाडीच्या मध्यावर होती.